पेपरचं कूळ, कागदाचं गाव

इंग्रजीतला ‘पेपर’ हा शब्द ज्या वस्तूवरून आला, ती वस्तू कागद नव्हती. नाईलच्या काठच्या दलदलीत पपायरस नावाची वनस्पती वाढते. आपल्या शेतात आणि कालव्याच्या कडेला उगवणाऱ्या लव्हाळ्याच्या कुळातलीच ती, पण माणसाच्या दुप्पट उंचीची आणि तिधारी दांड्याची. इजिप्तचे कारागीर त्या दांड्याचा गर उभा चिरून पातळ पट्ट्या काढत, त्या शेजारीशेजारी मांडत, वर दुसरा थर आडवा घालत आणि ओलं असतानाच ठोकून, दाबून वाळवत. साडेचार हजार वर्षांपूर्वी पिरॅमिडसाठी दगड वाहणाऱ्या माणसांचे रोजचे हिशेब अशाच पानांवर लिहिलेले सापडले आहेत. ग्रीकांनी या झाडाला पपायरोस म्हटलं, रोमनांनी पपायरस. फ्रेंचमध्ये त्याचं पापिए झालं आणि चौदाव्या शतकात इंग्रजांच्या तोंडी ‘पेपर’ आला.

तोवर युरोपात पपायरसवर कुणी लिहीत नव्हतं. पोपच्या दरबाराने तो अकराव्या शतकापर्यंत धरून ठेवला होता, मग तिथूनही गेला. चिंध्या कुटून केलेला खरा कागद अरबांकडून स्पेनमध्ये आणि इटलीत पोहोचला होता. या नव्या वस्तूला लोकांनी जुनंच नाव चिकटवलं. इंग्लंडमध्ये तर शब्द आधी आला आणि हुन्नर कितीतरी मागून. कागद बाहेरून विकत यायचा. तो इंग्लंडमध्येच करणारी पहिली गिरणी जॉन टेट याने हर्टफर्डजवळ काढली, ती थेट पंधराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात.

मराठीत हे उलट घडलं. ‘कागद’ हा शब्द आपल्याकडे आला तो कागद करणाऱ्यांसोबत, आणि दख्खनमध्ये त्यांचं गावही उभं राहिलं. दौलताबादचा किल्ला मागे टाकून खुलताबादकडे जाताना वाटेत लागणारं कागझीपुरा ते हे गाव. वेरूळला जाणाऱ्या हजारो गाड्या या रस्त्याने जातात. किल्ल्यापाशी सगळे थांबतात, कागझीपुऱ्यात फार थोडे. मराठी लिहिण्यावाचण्याच्या इतिहासात मला मात्र हे गाव किल्ल्याइतकंच मोठं वाटतं.

आधी वस्तूचं बघू. पपायरसच्या पानात झाडाचा गर जसाच्या तसा राहतो. कागद करताना झाडाचं झाडपण मोडावं लागतं. धागा कुटून कुटून त्याचे सुटे तंतू करायचे, ते पाण्यात सोडायचे आणि चाळणीवर एकसारखा पातळ थर उचलून घ्यायचा. हे चीनमध्ये सुधारलं. त्साई लुन या दरबारी अधिकाऱ्याने साल, ताग, चिंध्या आणि मासेमारीची जुनी जाळी यांपासून केलेला कागद इ. स. १०५ मध्ये सम्राटापुढे ठेवला, अशी चिनी इतिहासात नोंद आहे. त्याच्याही आधीचे ओबडधोबड कागदाचे तुकडे पुढे उत्खननांत सापडले. तिथून ही विद्या मध्य आशियाच्या व्यापारी वाटेने समरकंदला आली आणि आठव्या शतकाच्या अखेरीस बगदादमध्ये कागद होऊ लागला.

त्याच वाटेवर सोग्दी व्यापारी होते. त्यांच्या भाषेत या वस्तूचं जे नाव होतं ते आपल्या ‘कागद’च्या इतकं जवळ आहे की मराठी माणसाला ते ऐकताच कळावं. फारसीने ते उचललं आणि फारसीत त्याची दोन रूपं चालली, काग़ज़ आणि काग़द. उत्तरेने ‘ज’ घेतला. दख्खनने ‘द’ राखला. मराठीत कागद, कन्नडमध्ये कागद, तेलुगूत कागितम. गुजरातीत त्याचं कागळ झालं.

कागद करणारे दख्खनमध्ये येण्याआधीच कोकण-मलबार किनाऱ्याला कागद ठाऊक होता, पण आयात म्हणून. कैरोच्या एका जुन्या सिनेगॉगमध्ये मध्ययुगातल्या यहुदी व्यापाऱ्यांच्या पत्रांचा प्रचंड साठा सापडला. त्यात बेन यिजू नावाच्या व्यापाऱ्याची पत्रं आहेत. बाराव्या शतकात तो मंगळूरला राहून मिरी आणि पितळी भांड्यांचा व्यापार करायचा. एडनचे त्याचे भागीदार त्याला इतर भेटींबरोबर कागदही पाठवत, कारण तिथे तो मिळत नसे. त्या काळात देवगिरीचे यादव दानपत्रं तांब्याच्या पत्र्यावर आणि दगडावर कोरून घेत होते.

मग १३२७ साल आलं. मुहंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली आणि देवगिरीचं दौलताबाद झालं. या स्थलांतराची कथा आपण सहसा सुलतानाच्या लहरीपुरती सांगतो. कोण कोण आलं, ते का आलं आणि आल्यावर त्यांनी इथे काय केलं, हे बाजूलाच राहतं. आलेल्यांत इसामी होता. दिल्लीहून निघताना त्याचे नव्वदीतले आजोबा बरोबर होते, ते वाटेतच गेले. त्याच इसामीने पुढे १३५० च्या सुमारास दख्खनमध्येच ‘फुतूह-उस-सलातीन’ हा हजारो ओळींचा फारसी पद्यग्रंथ पुरा केला आणि त्यात तुघलकावरचा सगळा राग ओतला. सूफी बुऱ्हानुद्दीन गरीब आले. त्यांच्या शिष्यांनी त्यांचे बोल दिवसागणिक टिपून ठेवले. कवी अमीर हसन सिजझी आला, तो खुलताबादलाच विसावला. दरबाराचे मुन्शी, काजी आणि हिशेबनीस तर होतेच. एवढी लिहिती वस्ती एका डोंगराच्या पायथ्याशी जमली, तर तिला कागद लागणारच. कागद करणारे कागझी याच लोंढ्याबरोबर आले असं परंपरा सांगते. राजधानी दिल्लीला परत गेली, बहमनी आले, निजामशाही आली, मुघल आले. कागझीपुरा तिथेच राहिला. मराठी कागदपत्रांच्या अभ्यासकांना ‘दौलताबादी कागद’ हे नाव जुन्नरी आणि अहमदाबादी कागदाच्या बरोबरीने ओळखीचं आहे.

हा कागद होई कसा, ते सावकाश बघण्यासारखं आहे, कारण आपल्याला आज कागद फक्त दुकानातूनच येतो असं वाटतं.

कच्चा माल म्हणजे टाकाऊ माल: जुनी सुतळी, गोणपाट, झिजलेले दोर, चिंध्या. ताग, अंबाडी आणि सणाचे धागे वापरून वापरून मऊ झालेले असतील तर कागद्याचं काम निम्मं आधीच झालेलं असे. त्यांचे बारीक तुकडे करायचे, भिजवायचे, चुना लावून ढीग घालायचा आणि मुरू द्यायचा. मग ढेकी. एका लांब लाकडी दांड्याच्या टोकाला जड मुसळ, दुसऱ्या टोकावर माणसं पाय देऊन ते उचलतात आणि सोडतात. खड्ड्याशी एक जण बसलेला असतो. मुसळ वर गेलं की तेवढ्या क्षणात हात घालून तो लगदा परतवतो. कुटलेला लगदा मोठ्या कापडात घालून दोघं जण वाहत्या पाण्यात उभे राहतात आणि झुलवत झुलवत धुतात, खालून पाणी नितळ येईपर्यंत. मग पुन्हा चुना, पुन्हा कुटणं, पुन्हा धुणं. कागदाचा पांढरेपणा येतो तो या धुण्यातून. म्हणूनच पाण्याशिवाय कागद्यांची वस्ती होत नाही.

धुतलेला लगदा जमिनीत बांधलेल्या हौजात सोडून काठीने ढवळतात. कागद करणारा हौजाच्या काठाशी बसतो. त्याच्या हातात साचा असतो: लाकडी चौकट, आणि तिच्यावर गवताच्या बारीक काड्यांची, घोड्याच्या केसांनी गुंफलेली चटई. साचा तिरपा बुडवायचा, आडवा करून वर उचलायचा आणि त्याच दमात पुढेमागे, डावीउजवीकडे हलवायचा. पाणी गळून जाता जाता तंतू एकमेकांत अडकतात. सगळं कसब या दोनतीन क्षणांत आहे. हात जरा थांबला तर एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला विरळ. मग चटई चौकटीवरून उचलून थप्पीवर उलटी टेकवायची आणि एका कडेपासून गुंडाळत सोडवून घ्यायची. ओला ताव मागे राहतो.

युरोपातले कारागीर प्रत्येक दोन तावांमध्ये लोकरीचं कापड घालत. आपल्याकडे ओल्या तावावर ओला ताव सरळ ठेवत आणि दगडांखाली दाबून पाणी काढत. तरी दुसऱ्या दिवशी एकेक ताव अलगद सुटा होई. मग तो गिलावा केलेल्या भिंतीवर मऊ कुंचल्याने चिकटवायचा आणि वाळला की ओढून काढायचा. आता त्याला गव्हाच्या किंवा तांदळाच्या पिठाची खळ द्यायची, म्हणजे शाई फुटत नाही. शेवटी फळीवर ठेवून गुळगुळीत दगडाने, बहुधा अकिकाने, घोटायचा. घोटून घोटून त्याला चकाकी येते. दरबारी फर्मानांसाठी वर सोन्याचा बारीक चुरा शिंपडत, त्याला जरअफशान म्हणत.

ही घोटाई नुसत्या शोभेसाठी नव्हती. मोडी लिपीत हात उचलायचा नसतो. बोरू कागदावर टेकला की ओळ संपेपर्यंत सरकत राहतो, आणि खरखरीत कागदावर तो अडखळला असता, अक्षरं फाटली असती. मोडीचा वेग बोरूच्या टोकाइतकाच या घोटीव कागदानेही दिला, असं मी म्हणेन. जुना अस्सल कागद उजेडासमोर धरला तर त्या गवती चटईच्या समांतर रेघा आजही दिसतात. शिक्का, सही, मजकूर यांच्या खाली ही एक निनावी खूण असतेच.

कागदाची मराठी मोजदादही या कारागिरीतूनच आली. एक पान म्हणजे ताव. चोवीस ताव म्हणजे दस्ता. फारसीत दस्त म्हणजे हात, हातात मावेल तो दस्ता. आणि वीस दस्ते म्हणजे रीम. रीम हा शब्द आपण इंग्रजी समजतो आणि तो इंग्रजीतून आलाही आहे. पण इंग्रजीत तो फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये स्पॅनिश ‘रेस्मा’तून, आणि स्पेनमध्ये तो अरबी ‘रिझ्मा’ म्हणून आला होता. रिझ्मा म्हणजे गठ्ठा. बाराव्या शतकात व्हॅलेन्सियाजवळच्या शातिबा गावात अरब कारागिरांचा कागद नावाजलेला होता. तिथून गठ्ठे बाहेर गेले आणि गठ्ठ्याबरोबर त्याचं नावही गेलं. तुघलकाच्या लोंढ्याबरोबर दख्खनला आलेली विद्या आणि स्पेनमार्गे इंग्लंडला पोहोचलेली विद्या एकाच घराण्याची. इंग्रजांनी वस्तूला नाव पपायरसचं दिलं, पण तिची गणती मात्र अरबांच्याच शब्दात ठेवली.

पपायरसच्या पानाला ग्रीकांचा आणखी एक शब्द होता, खार्तेस. त्याचं लॅटिनमध्ये कार्ता झालं आणि त्यातून कार्ड, चार्ट, चार्टर असे इंग्रजी शब्द फुटले. आधार कार्ड आणि रेशन कार्ड यांतला कार्ड त्याच वंशाचा. शाळेतल्या मुलांना प्रकल्पासाठी ‘चार्ट पेपर’ आणायला सांगतात, त्यात तर दोन्ही शब्द नाईलकाठच्या त्या एकाच वनस्पतीच्या पानाचे आहेत. लिहिण्याच्या जगातला चामड्याचा वाटाही मराठीत टिकून आहे. ग्रीक ‘दिफ्थेरा’ म्हणजे कातडं. लिहिण्याचं कातडं, मग वही, मग वह्यांचा साठा असा तो शब्द फारसी-अरबीत ‘दफ्तर’ झाला. पेशव्यांचं दप्तर तेच आणि पोरांच्या पाठीवरचं दप्तरही तेच. घशात कातड्यासारखा पापुद्रा धरणाऱ्या घटसर्पाला डॉक्टर डिप्थेरिया म्हणतात, तेही याच शब्दावरून.

कागद आला तरी तो सांभाळायची विद्या वेगळी शिकावी लागली. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लिहिण्याच्या क्रियेलाच वाहिला आहे. टाक कसा कापावा, शाई कशी असावी, अक्षर कसं वळवावं, सगळं त्यात आहे. त्यातली एक सूचना मला फार मोलाची वाटते: पानाच्या चारी बाजूंना कोरी जागा सोडा, म्हणजे पुढेमागे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही. कागद झिजणार हे गृहीत धरून, आपल्यानंतर शंभर वर्षांनी तो हातात घेणाऱ्याची काळजी वाहणारा हा लेखक आहे.

दौलताबादच्या किल्ल्यातली एक कथाही इथे आठवते. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी या किल्ल्याचे किल्लेदार होते, आणि एकनाथांनी तरुणपण त्यांच्या सेवेत इथेच घालवलं. हिशेबात एका पैचा फरक येत होता, तो शोधत नाथ रात्रभर दिव्यापाशी बसले आणि चूक सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली, ही आख्यायिका घराघरांत सांगितली जाते. आख्यायिकेतली ती वही या डोंगराच्या कुशीतल्या कागदाचीच असणार, असं मला नेहमी वाटतं. हाच माणूस पुढे पैठणला ज्ञानेश्वरीच्या पोथ्या जमवून, पाठ ताडून, १५८४ मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध करतो. पै शोधणारी ती नजर तेव्हा ओवी तपासत होती.

या सगळ्या काळात मराठीत ‘कागद’ म्हणजे वस्तू आणि मजकूर दोन्ही. ‘कागद आला’ म्हणजे पत्र आलं. ‘कागद करून दिला’ म्हणजे दस्तऐवज केला. कागदपत्र, कागदोपत्री, कागदी घोडे हे शब्द त्याच काळाच्या सवयीतले. इतकंच काय, पातळ सालीच्या लिंबालाही आपण कागदी लिंबू म्हणतो.

मग इंग्रज आले आणि छापखाना घरोघर पोहोचू लागला. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ मुंबईत निघालं, एका बाजूला मराठी मजकूर आणि शेजारी इंग्रजी. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झालं आणि परीक्षांची छापील प्रश्नपत्रिका आली. या दोन वाटांनी ‘पेपर’ मराठीत शिरला. त्याच्याबरोबर कुणी कारागीर आला नाही, हौज नाही की साचा नाही. आला तो मजकूर. म्हणून मराठीने त्याला मजकुराचंच काम दिलं. पेपर वाचतात, पेपर टाकतात, पेपर सोपा जातो, पेपर फुटतो. परिषदेत प्राध्यापक पेपर वाचतात, पुण्यातल्या कंपन्यांत नोकरी सोडणारा पेपर टाकतो. यांतल्या एकाही ठिकाणी ‘कागद’ चालत नाही. ‘गणिताचा कागद फुटला’ असं कुणी म्हणणार नाही. उलट, फाडायचा, चुरगळायचा, पुडी बांधायचा तो कागदच. वर्तमानपत्र सकाळी पेपर असतं आणि त्याच दिवशी संध्याकाळी फोडणीच्या मिरच्या गुंडाळताना कागद होतं. शब्दांची ही वाटणी कुणी ठरवून दिलेली नाही. एक शब्द करणाऱ्यांच्या हातातून आला आणि दुसरा छापणाऱ्यांच्या, एवढंच त्यामागे आहे.

म्हणूनच ‘ई-पेपर’ हा शब्द मराठीत इतक्या सहज बसला. मोबाइलच्या काचेवर वाचला तरी तो पेपर आहे, कारण आपल्याकडे पेपर हा कधी वस्तू नव्हताच. ‘ई-कागद’ म्हणायला मात्र जीभ तयार होत नाही.

याच छापखान्याने कागझीपुऱ्याचा धंदा बुडवला. यंत्रावरचा लांबलचक कागद स्वस्त पडला आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर लाकडाचा लगदा आल्यावर आणखी स्वस्त झाला. जुन्नरचे कागदी आणि पुण्याच्या कसब्यातल्या कागदीपुऱ्याचे कागदी याच तडाख्यात सापडले. गांधीजींनी १९३४ मध्ये वर्ध्याला ग्रामोद्योग संघ काढला तेव्हा हातकागद त्याच्या कामात अग्रभागी होता, आणि के. बी. जोशी यांनी १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था उभारली. कागझीपुऱ्यातलं हातकागदाचं नावही तेव्हापासून पुन्हा पुन्हा घेतलं गेलं. आता तिथल्या कागदाच्या लग्नपत्रिका, फायली आणि पिशव्या होतात.

त्यात मला समाधान वाटत नाही. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदात आम्ल असतं. शंभर वर्षांत तो पिवळा पडतो, घडीवर मोडतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची वर्तमानपत्रं हातात घ्यावीत तर कडा चुऱ्यासारख्या गळतात. त्याच्याहून दीडदोनशे वर्षं जुनी मोडी पत्रं मात्र, कसर लागली नसेल तर, आजही उलगडून वाचता येतात. लांब तंतू आणि चुन्याची धुणी हे त्याचं कारण. खळीमुळे किडा लागतो, हा त्याचा दोष खरा, पण त्यावर उपाय आहेत. आज जुनी कागदपत्रं दुरुस्त करताना बहुतेक ठिकाणी जपानचा हातकागद वापरतात. तो पातळ आणि मजबूत असतो, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण दौलताबादी कागदाला ठिगळ लावायचं तर त्याच गवती साच्याचा, त्याच जाडीचा, त्याच घोटाईचा ताव शेजारी असावा, ही मागणी कागझीपुऱ्याकडे घेऊन जायला काय हरकत आहे? दप्तरखान्यांनी दर वर्षी काही रिमा मागवल्या, तर साचा हलवायला शिकणारी पोरं तिथे मिळतील. लग्नपत्रिकेचा कागद जाड आणि फुलांच्या पाकळ्यांचा चालतो. मोडी पत्राला लागणारा ताव उजेडासमोर धरला तर एकसारखा दिसावा लागतो, आणि तो उचलायला पुन्हा तोच हात लागतो.